ऑक्टोबरी बाबा

न्यू जर्सीतल्या एडिसन, इसेलिन, प्लेन्सबरो या पट्ट्यात सप्टेंबर सरत आला की एक गृहस्थ बदलायला लागतात. एरवी हा माणूस अगदी साधा. सकाळची गाडी गाठतो, शनिवारी ओक ट्री रोडवरून मेथीच्या जुड्या आणतो, अंगणातलं गवत कापतो आणि ग्रीन कार्डाच्या रांगेवर कुणाशीही तासभर बोलू शकतो. पण कॉस्टकोत भोपळ्यांचे खोके लागले की त्याच्या चालण्यात मांडववाल्याची लगबग येते. फोनमध्ये 'हॅलोविन फायनल ३' नावाची एक्सेल शीट उघडली जाते. गॅरेजमधून डोक्याला बांधायची बॅटरी, घडीची चारचाकी गाडी आणि गेल्या वर्षीची प्लास्टिकची कवटी बाहेर येते. याला मी ऑक्टोबरी बाबा म्हणतो. नाव विचारू नका. प्रत्येक सबडिव्हिजनमध्ये एक तरी असतोच, आमच्या गल्लीत जरा जास्तच आहेत.

हा जन्मतः ऑक्टोबरी नसतो. लग्नाआधी तो तीन मित्रांबरोबर अपार्टमेंटमध्ये राहायचा, तेव्हा ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी दिवे घालवून बसायचा. इथला अलिखित नियम असा, की ज्या घराचा बाहेरचा दिवा चालू असेल त्याचीच बेल मुलांनी वाजवायची. दिवा बंद असेल तर गुपचूप पुढे जायचं. हा नियम कळल्यावर चौघंही अंधारात, लॅपटॉपवर पांघरूण धरून, आवाज बंद करून क्रिकेट बघत बसत. प्रत्येक डॉलरचे मनातल्या मनात रुपये करण्याचे ते दिवस. 'लोकांच्या पोरांना आपण का म्हणून खाऊ घालायचा?' हे त्या काळातलं तत्त्वज्ञान. मग स्वतःची पोरं झाली, आणि हिशेबाची दुसरी बाजू दिसायला लागली.

तरीही सुरुवातीला बाबाने तात्त्विक विरोध करून पाहिला. त्याला अडचण भुतांची नव्हती, मागण्याची होती. बाबा मिरजेचा, मास्तरांचा मुलगा. कुणाच्या घरी गेलं की काही मागायचं नाही, समोर आलं तर 'नको' म्हणायचं, पुन्हा आग्रह झाला तर आईकडे बघायचं आणि आईच्या भुवईने परवानगी दिली तर एकच उचलायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं. लाडवाच्या ताटलीसमोर 'आत्ताच जेवून आलोय' असं उपाशीपोटी सांगण्यात त्या घराची अब्रू होती. आणि आता त्याचा स्वतःचा मुलगा उशीचा अभ्रा घेऊन पन्नास अनोळखी दारांवर उभा राहणार, 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणणार, म्हणजे देता की खोडी काढू, अशी चक्क धमकी देणार! बाबाने घरात व्याख्यान दिलं. आयर्लंडमध्ये सुगी संपताना 'साउइन' नावाचा सण असायचा, त्या रात्री मेलेली माणसं घरी फिरकतात असं लोक मानत, ते सलगम कोरून त्यात दिवे ठेवत, एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक बोटीने इकडे आले तेव्हा त्यांना सलगमापेक्षा कोरायला सोपा भोपळा मिळाला, वगैरे वगैरे.

बाबाची आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेली होती. ती वाटाणे सोलत ऐकत होती.

"म्हणजे सर्वपित्री," ती म्हणाली.

"तसं नाही गं आई, हे लोक..."

"पितर येतात ना? काहीतरी खायला देतात ना? मग झालं तर."

या बाईचं माहेर गुहागरकडचं. शिमग्यात दारी येणारा संकासुर तिने लहानपणी पाहिलेला. काळे कपडे, डोक्यावर उंच टोपी, लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. पोरं माळ्यावर लपायची आणि बाहेर मोठी माणसं त्याच्या हातावर पैसे ठेवायची. त्यामुळे या वयात, परदेशात, शेजाऱ्याच्या हिरवळीवर बारा फुटी सांगाडा उभा दिसला तेव्हा घरात एकट्या तिलाच काही वाटलं नाही. तिची तक्रार एवढीच, की हा मेला नाचत का नाही.

विरोध मावळला आणि बाबा कामाला लागला. इथे त्याचा खरा स्वभाव दिसतो. जी गोष्ट त्याला पटलेली नाही ती तो इतर कुणाहीपेक्षा नीट करतो. (आमच्या पिढीतले निम्मे इंजिनिअर असेच इंजिनिअर झाले.)

पहिला प्रश्न पोशाखाचा. बंद पडलेल्या दुकानांच्या रिकाम्या गाळ्यांमध्ये दर वर्षी दोन महिने 'स्पिरिट हॅलोविन' उगवतं आणि नोव्हेंबर लागला की अदृश्य होतं. या भुताटकीच्या साखळीचं मुख्यालय याच राज्यात, एग हार्बर टाउनशिपमध्ये आहे, याचा बाबाला किंचित अभिमानही आहे. तिथून थोरल्यासाठी हवा भरून फुगणारा डायनासोर आला. आत एक छोटा पंखा, त्याला चार पेन्सिल सेल, आणि डायनासोरच्या गळ्यापाशी बाहेर बघायला प्लास्टिकची खिडकी. धाकटी चार वर्षांची. ती सप्टेंबरमध्ये एल्सा होणार होती, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आगीचा बंब, दुसऱ्यात मांजर. एल्साचा निळा झगा आणून झाला, मांजराचे कान आणून झाले, आणि सणाला तीन दिवस उरले असताना ती शांतपणे म्हणाली, "मला वॉशिंग मशीन व्हायचंय."

दुसरा कुणी असता तर ओरडला असता. बाबाच्या डोळ्यांत मात्र चमक आली. तीन रात्री गॅरेजमधला दिवा जळत होता. टीव्हीचा खोका पांढरा रंगवला. समोर गोल भोक पाडून त्यावर सॅलडच्या डब्याचं पारदर्शक झाकण बसवलं. झाकणामागे खरे मोजे चिकटवले, त्यातला एक मुद्दाम बिनजोडीचा. बाटल्यांची झाकणं लावून बटणं केली, ती फिरत होती. खांद्यांना टोचू नये म्हणून आत फोमची पट्टी. मी पाहायला गेलो तेव्हा बाबाने धाकटीला त्यात उभं केलं आणि एक बटण फिरवून म्हणाला, "आता स्पिन." ती गरागरा फिरली आणि कपाटावर आपटली. उत्पादनात दोनच त्रुटी राहिल्या होत्या. खोका घातल्यावर तिला खाली बसता येत नव्हतं, आणि घराच्या पुढच्या दारातून बाहेर पडायचं तर तिरकं व्हावं लागत होतं.

शिवाय थंडी. ऑक्टोबरअखेर इथे सूर्य बुडाला की हवा बोचायला लागते, आणि मग घरोघर तेच महायुद्ध पेटतं. मुलं म्हणतात जॅकेट घातलं तर पोशाख झाकला जाईल, आया म्हणतात नाही घातलं तर शाळा बुडेल. आमच्या गल्लीत दर वर्षी निम्मे बॅटमॅन जॅकेटखाली दडलेले असतात, ते बॅटमॅन आहेत हे त्यांनाच सांगावं लागतं. बाबाची रचना या बाबतीत निर्दोष होती, कारण जॅकेटवरून खोका चढत होता. पण निघता निघता आजी आली आणि तिने वॉशिंग मशीनला कानटोपी घातली. मरून रंगाची, वर गोंडा असलेली. बाबा काही बोलायच्या आत गाठही मारून झाली होती.

कूच साडेपाचला झाली, बऱ्यापैकी उजेडात. हा उजेडही सरकारी कृपा. पूर्वी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जायची, २००७ पासून ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी जातात, त्यामुळे हॅलोविनला संध्याकाळचा एक तास जास्त मिळतो. न्यू जर्सीत तर सरकारने सणाची तारीखच हलवलेली आहे. २०१२ मध्ये सँडी वादळाने झाडं, विजेचे खांब, सगळं झोपवलं, तेव्हा गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी रीतसर आदेश काढून हॅलोविन ३१ ऑक्टोबरवरून ५ नोव्हेंबरवर नेला. बाबा हा किस्सा नव्याने आलेल्या प्रत्येकाला सांगतो, आणि शेवटी "आपल्याकडे दाते पंचांगवाल्यांनासुद्धा एवढे अधिकार नाहीत" असं म्हणून स्वतःच हसतो.

दारावर जायची वेळ आली की ऑक्टोबरी बाबाची ओळख पटते. तो दारापर्यंत जात नाही. फुटपाथच्या कडेला, गाडीची दांडी धरून थांबतो. मुलं पायवाटेने वर जातात, बेल वाजते, दार उघडतं, कौतुक होतं, आणि त्याच क्षणी तीस फुटांवरून, अंधारातून, बाबाचा आवाज येतो: "से थँक यू!" मुलांनी आधीच म्हटलेलं असतं. तरी तो म्हणतो. मग दारातल्या बाईंकडे बघून हात हलवतो, आणि त्या हात हलवण्यात एक सूक्ष्म दिलगिरी असते, की माफ करा, आम्ही तसे मागणारे लोक नाही, हा इथला सणच आहे. पन्नास घरं, पन्नास दिलगिऱ्या. चाळिसाव्या घराच्या सुमारास मात्र त्याची नजर बदललेली दिसली. मुलं परत आली की तो आता विचारत होता, "काय दिलं? फुल साइज?"

पूर्ण आकाराचा चॉकलेट बार देणारी घरं हा या रात्रीचा सर्वोच्च प्रतिष्ठेचा विषय. बहुतेक ठिकाणी बोटभर लांबीचे तुकडे मिळतात, त्याला कंपन्या 'फन साइज' म्हणतात. त्यात नेमकी गंमत कसली ते कंपन्यांनाच ठाऊक. पण गल्लीत एखादं घर असतंच, जिथे अख्खा स्निकर्स मिळतो, आणि त्याची खबर मुलांमध्ये वाऱ्यासारखी फिरते. उलट टोकाला एक दातांचे डॉक्टर टूथब्रश देतात. त्यांच्या घरासमोर दर वर्षी रहदारी एकदम विरळ होते. काही दारांशी हिरवट निळ्या रंगाचा भोपळा असतो. तिथे ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी खाऊऐवजी स्टिकर, चेंडू, पेन्सिली असं काहीतरी ठेवलेलं असतं. बाबाला ही व्यवस्था फार आवडते, कारण त्यात प्रक्रिया आहे.

मग ते घर आलं, जिथे कुणीच नव्हतं. पायरीवर कँडीने भरलेलं घमेलं आणि पाटी: 'कृपया एकच घ्या.' ऑक्टोबरी बाबाला याहून मोठी पर्वणी नाही. इतका वेळ फुटपाथवर खिळलेला माणूस पहिल्यांदाच चार पावलं पुढे आला. धाकटीने एक घेतली. खोक्यामुळे तिचा हात पोचत नव्हता, ती तिरकी झाली आणि मोठ्या कष्टाने एकच घेतली. डायनासोरने दोन घेतल्या.

"पाटीवर काय लिहिलंय?"

डायनासोर आतून काहीतरी बोलला. पंख्याच्या आवाजात कळलं नाही.

"एक परत ठेव. कुणी बघत नसताना जो नीट वागतो ना, तोच..."

हे वाक्य चालू असतानाच मागून सातवी-आठवीतला एक स्पायडरमॅन आला. त्याने घमेलं उचललं, अभ्र्यात उपडं केलं, रिकामं घमेलं व्यवस्थित जागेवर ठेवलं आणि गेला. डायनासोर हातातल्या दोन कँड्या धरून बाबाकडे बघत राहिला. नागरिकशास्त्राचा तास असा कोसळताना मी फार थोड्या वेळा पाहिलाय. बाबा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ठेव दोन्ही."

त्यानंतर दोनच घरं गेली आणि डायनासोरचे सेल संपले. पंखा घरघरला, थांबला, आणि त्या महाकाय प्राण्याची मान हळूहळू समोर कलली. शेपूट आधी गेली. मग पोट. शेवटी फुटपाथवर तपकिरी रबरी कातड्यात गुंडाळलेला एक आठ वर्षांचा मुलगा उरला, आणि खिडकीतून त्याचा एक कान दिसत होता. बाबाकडे जास्तीचे सेल होते. अर्थात होते, यादीत अकराव्या क्रमांकावर होते. पण सेलच्या डबीचा स्क्रू उघडायचा स्क्रूड्रायव्हर यादीत नव्हता. नाण्याने प्रयत्न झाला, किल्लीने झाला. एवढ्यात वॉशिंग मशीनने जाहीर केलं की तिला शू लागली आहे.

घरी काय चाललं होतं ते आता सांगितलं पाहिजे. दारावर बसून येणाऱ्या मुलांना कँडी वाटण्याचं काम आजीकडे होतं. बाबाने गेल्या तीन वर्षांची सरासरी काढून, मुलामागे दोन, असा हिशेब करून पिशव्या आणलेल्या, आणि आईला तीनदा समजावलेलं: दोनच. आजी पहिल्या दहा मिनिटांतच अडली. चिमुकल्या परीच्या एवढ्याशा बादलीत दोन तुकडे टाकायचे, हे तिच्याच्याने होईना. "दोन काय द्यायच्या? कावळ्याला घास ठेवायचाय का?" तिने ओंजळीने द्यायला सुरुवात केली. वर प्रत्येकाला "आत ये, पाणी पी" असं मराठीत म्हणत होती आणि एक ड्रॅक्युला खरोखर आत येऊन पाणी पिऊन गेला. सात वाजता साठा संपला. तेव्हा दिवा घालवायचा, हे सुनेने सांगून पाहिलं. "आई, दिवा बंद केला की कुणी येत नाही." आजी म्हणाली, "तिन्हीसांजेचा बाहेरचा दिवा घालवायचा? दिवाळी चार दिवसांवर आलीय गं!"

सगळे परतल्यावर दिवाणखान्यातल्या गालिच्यावर वर्षाचा सगळ्यात मोठा बाजार भरला. अभ्रे उपडे झाले. रीसेसचे पीनट बटर कप एकीकडे, किटकॅट एकीकडे, आणि ज्याला कुणी वाली नसतो तो तिरंगी कँडी कॉर्न कोपऱ्यात. विनिमयाचे दर सुरू झाले: एका रीसेसला तीन लॉलीपॉप. धाकटीला आकडे अजून नीट येत नाहीत, पण दर मात्र तिने पाडू दिला नाही. तेवढ्यात बाबा चष्मा पुसून तपासणीला बसला.

ही तपासणी अमेरिकेतल्या घराघरात चालते. कँडीत विष, सफरचंदात ब्लेड, अशा कहाण्या इथे कित्येक पिढ्या फिरतायत. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी वर्षानुवर्षं अशा बातम्या गोळा करून तपासल्या. कुणा परक्या माणसाने दारावर आलेल्या मुलांना सरसकट विष देऊन मारल्याचं एकही सिद्ध झालेलं प्रकरण त्यांना सापडलं नाही. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये एक मुलगा विषारी कँडीने गेला खरा, पण ते विष विम्याच्या पैशांसाठी त्याच्या बापानेच घातलेलं निघालं. हे सगळं बाबाला पाठ आहे, त्यानेच मला सांगितलंय. तरीही तो प्रत्येक वेष्टन दिव्यासमोर धरून बघत होता.

"मग खरं तर तपासणी कुणाची व्हायला हवी?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

बाबाने ऐकलं न ऐकलं केलं आणि जिलेटिनकडे वळला. गमीची अस्वलं गेली. मार्शमॅलो गेले. कँडी कॉर्नच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून तेही गेलं, त्याबद्दल कुणी हरकत घेतली नाही. कुणीतरी दिलेली घरगुती ब्राउनी, सुंदर रिबिनीत बांधलेली, बिनचौकशी कचऱ्यात गेली: "घरी केलेलं उघडं काही खायचं नाही. कुणी खात नाही इथे. नियम आहे." मग मुलं दात घासायला गेल्यावर त्याने बापाचा कर म्हणून सहा रीसेस वळते केले. मुलांना नको असलेला अल्मंड जॉयचा ढीग आजीपुढे सरकवला. तिने एक तोडून चाखला, डोळे मिटले. "अरे, ही तर नारळाची वडी! उगीच चॉकलेटात बुडवलीय." आणि तो ढीग पदराखाली गेला.

नऊच्या सुमारास बेल वाजली. ऑक्टोबरी बाबाला या बेलची धास्ती असते. छोट्या मुलांची वेळ संपली की हायस्कूलमधली टोळकी निघतात, पोशाख नावाला, उंची सहा फूट, आवाज फुटलेले. बाबा जिन्यात होता, झोपलेल्या वॉशिंग मशीनला खोक्यातून बाहेर काढत. तो खाली पोचेपर्यंत आजीने दार उघडलं होतं. दारात तिघं. एकाने हॉकीपटूचा मुखवटा कपाळावर सरकवलेला, बाकीच्या दोघांनी काहीच केलेलं नव्हतं. कँडी तर कधीच संपलेली. आजीने क्षणभर विचार केला आणि आत जाऊन दिवाळीसाठी आदल्या दिवशी तळलेल्या चकल्या आणल्या. उघड्या. घरच्या. हातावर ठेवल्या.

"आई!" बाबा जिन्यावरूनच ओरडला. "अगं, असं देत नाहीत! केस करतील!"

तो धावत बाहेर आला आणि इंग्रजीत भाजणी समजावून सांगायला लागला. यात तांदूळ आहे, हरभऱ्याची डाळ आहे, उडीद आहे, शेंगदाणे नाहीत, तीळ मात्र आहेत, तुम्हाला तिळाची ॲलर्जी असेल तर कृपया... पोरं पायरीवर बसली होती. खायला कधीच सुरुवात झाली होती, कुरकुर आवाज येत होता. मुखवटेवाल्याने उरलेलं अर्धं वेटोळं उजेडात धरून निरखलं, तोंडात टाकलं, आणि हात पुढे करून काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय तो?" आजीने विचारलं.

"आणखी आहे का विचारतोय."

"मग उभा काय राहिलायस? डबा आण."

बाबाने डबा आणला. झाकण उघडून पहिल्या पोरापुढे धरला, आणि सवयीने म्हणाला, "से थँक यू." त्या सहा फुटी पोराने म्हटलंही. आजी मराठीत सांगत होती की दमाने खा, तिखट घातलंय जरा, आणि बाबा ते इंग्रजीत करून सांगेपर्यंत डबा अर्ध्यावर आला होता.